कर्जाचे घर आणि पाहुण्यांची खोली

वाचनासाठी शास्त्रभाग : २ राजे ४:१-१० व ८:१-६



२ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात दोन स्त्रियांच्या हकिगती लागोपाठ आल्या आहेत. पहिलीच्या दारात सावकार उभा आहे; दुसरी पाहुण्यासाठी आपल्या माडीवर खोली बांधून घेत आहे. रविवारच्या शाळेत हे दोन पाठ बहुधा वेगवेगळ्या दिवशी शिकवले जातात, त्यामुळे एकीचे तेल व दुसरीचा मुलगा एवढेच आपल्या ध्यानात राहते. पण सातव्या वचनात कर्ज फिटते आणि आठव्या वचनात पाहुणा जेवायला बसतो, हे सलग वाचल्याखेरीज जाणवत नाही. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी या दोन्ही स्त्रिया एकाच छपराखाली राहतात. महिन्याच्या पाच तारखेला कर्जाचा हप्ता जातो आणि डिसेंबर उजाडला की कोण कोण येणार याची यादी सुरू होते.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या मागच्या पिढीने आयुष्य दुसऱ्याच्या घरात काढले. कोणी मिशन कंपाउंडात, कोणी शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात, कोणी भुसावळ, इटारसी, जबलपूरकडच्या रेल्वेच्या अथवा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे मिळत आणि पाठोपाठ जागा खाली करण्याची मुदतही कळवली जाई. अशा घरातील मुलाने किंवा मुलीने पुण्यात, नागपुरात, इंदुरात वा हैदराबादेत दोन खोल्यांचा का होईना पण स्वतःचा फ्लॅट घेतला, तर आईवडिलांचा ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. भावंडे, चुलते, मावश्या हक्काने येतात. कोणी सणाला येतो, कोणी मुलाच्या परीक्षेसाठी, आणि कोणी मोठ्या इस्पितळात उपचारासाठी येऊन महिनाभर राहतो. हा हक्क खोटा नाही. पण त्या फ्लॅटवर वीस वर्षांचे कर्ज आहे, हे येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

आणि मग प्रश्न उभा राहतो. भिंतींना रंग काढावा, स्वयंपाकघराचा ओटा नवा करावा, पाहुण्यांसाठी सोफा-कम-बेड घ्यावा, की ती रक्कम कर्जात भरावी? ‘घर आहे पण बसायला धड जागा नाही’ असे कोणी म्हणेल ही धास्ती एकीकडे, आणि साठी उलटल्यावरही हप्ता चालूच राहील ही धास्ती दुसरीकडे.

गहाण म्हणजे काय

गृहकर्ज हा शब्द सौम्य आहे. जुना शब्द गहाण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात घराची मूळ कागदपत्रे कर्ज देणाऱ्याच्या स्वाधीन करून गहाण ठेवण्याचा प्रकार सांगितला आहे, आणि आपल्याकडील बहुतेक गृहकर्जे त्याच रीतीने होतात. घर आपल्या नावावर, वावर आपला, पण कागद बँकेच्या तिजोरीत. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातील लोकांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. त्यांच्या आक्रोशाची नोंद शास्त्राने ठेवली आहे. आपण उपाशी नव्हतो. आपण विचारपूर्वक सही केली. तेवढ्यावरून गृहकर्ज घेणे पाप ठरत नाही, आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील आठव्या वचनाचा धाक दाखवून कोणा तरुण जोडप्याला घर घेण्यापासून परावृत्त करणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. भाडे भरीत राहणे हेही फुकट नसते. मात्र घेतलेल्या ऋणाचे स्वरूप नीट समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे, आणि तेथेच बहुतेकांची दृष्टी कमी पडते.

समजा, एका कुटुंबाने २० लाख रुपये, शेकडा ९ व्याजाने, २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या या १८,००० पैकी १५,००० रुपये निव्वळ व्याज असते. मुद्दल फिटते ते सुमारे ३,००० रुपयांचे. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर बँकेत गेलेली रक्कम जवळजवळ १० लाख ८० हजार होते, पण मुद्दल उतरलेले असते सुमारे सव्वादोन लाखांनी. पावणेअठरा लाख अद्याप शिल्लकच. ही फसवणूक नव्हे. उरलेल्या मुद्दलावर व्याज आकारण्याची ती साधी रीत आहे. पण ज्या गृहस्थाला हे माहीत नाही, तो पाचव्या वर्षी ‘पाव कर्ज फिटले’ असे समजून फर्निचरच्या दुकानात पाऊल टाकतो.

आता याच टप्प्यावर दोन कुटुंबे पाहू. एकाच्या हाती बोनसचे व बचतीचे १ लाख रुपये आले आणि त्याने ते मुद्दलात भरले, हप्ता तोच ठेवला. त्याचे कर्ज सुमारे २० हप्ते आधी संपेल. म्हणजे पुढे द्यावयाचे साडेतीन लाखांहून अधिक रुपये वाचले. दुसऱ्याने घर सजवण्यासाठी त्याच कर्जावर २ लाखांची वाढीव उचल त्याच दराने, उरलेल्या १५ वर्षांसाठी घेतली. हप्ता वाढला केवळ २,०३० रुपयांनी. घरात कोणाला तो जाणवलाही नाही. पण त्या २ लाखांच्या रंगाचे व फर्निचरचे तो अखेरीस सुमारे ३ लाख ६५ हजार देईल, आणि रंग तर त्याआधीच दोनदा उडालेला असेल! बँकेकडून येणारा वाढीव कर्जाचा फोन गोड शब्दांत येतो. त्याला उत्तर देण्यापूर्वी कागदावर हा गुणाकार करून पाहावा.

तेलाची कुपी आणि शेजाऱ्यांची भांडी

आता त्या विधवेकडे वळू. तिचा पती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता व परमेश्वराचे भय बाळगणारा होता, तरीही मागे कर्ज राहिले. यहुदी इतिहासकार योसेफस याने एक जुनी परंपरा नोंदवली आहे की, ही स्त्री अहाबाचा कारभारी ओबद्या याची विधवा, आणि ते कर्ज ईजबेलीच्या छळात लपवलेल्या संदेष्ट्यांना अन्न पुरवण्यासाठी काढलेले. शास्त्रात तिच्या पतीचे नाव नाही, म्हणून यावर सिद्धांत उभारता येणार नाही. पण ती परंपरा खरी असेल तर हे कर्ज चैनीचे नव्हते. दुसऱ्यांच्या पोटासाठी झालेले होते. आणि तरीही सावकार दोन मुलांना दास म्हणून न्यायला आला. हेतू चांगला असला म्हणून व्याज थांबत नाही. ‘देवाच्या लोकांसाठीच तर खर्च केला’ असे म्हणणाऱ्या पाहुणचारी घरांनी येथे थोडे थांबावे.

अलीशा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? आधी असलेल्याची मोजदाद. मग तो तिला शेजाऱ्यांकडून काहीतरी मागून आणायला सांगतो, पण पैसा नव्हे; रिकामी भांडी. आमच्या मते पाहुणचाराच्या दृष्टीने या अध्यायातील ही सर्वांत उपयोगाची ओळ आहे. वाडीतल्या लग्नात पातेली, पराती, सतरंज्या घरोघरून गोळा होत. कोणाच्या भांड्यावर कोणाचे नाव कोरलेले आहे ते पाहून ती परत जात. आज दहा पाहुण्यांसाठी आपण दहा गाद्या विकत घेतो, त्या वर्षातले साडेअकरा महिने पलंगाखाली धूळ खातात. शेजारच्या कुटुंबाकडून चार गाद्या मागायला आपल्याला लाज वाटते. बँकेकडून २ लाख मागायला वाटत नाही. मंडळीच्या भांडारात मोठी पातेली व खुर्च्या असतात. त्या बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या जेवणासाठी नाममात्र देणगीवर मिळू शकतात, आणि नसतील तर महिला मंडळाने तेवढा एक संच करणे फार अवघड नाही.

तेल झाल्यावरचा संदेष्ट्याचा आदेश तीन पायऱ्यांचा आहे. तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा. क्रम पाहा. घरातील निर्वाहही फेडीनंतर आला आहे. पगारदार माणसाला याचे रूपांतर सोपे आहे: दशांश व हप्ता पगार येताच वेगळा निघावा, आणि उरलेल्यात घर चालावे. महिनाअखेरीस उरेल ते कर्जात भरू म्हणणाऱ्याकडे महिनाअखेरीस काही उरत नाही. तीन ते सहा हप्त्यांइतकी रक्कम मात्र मुद्दलात न भरता बचत खात्यात राखून ठेवावी. नोकरी गेली किंवा आजारपण आले तर मुद्दलात भरलेला पैसा मागून परत मिळत नाही.

शूनेमची माडी

शूनेमची स्त्री सुखवस्तू होती. तिच्याकडे कर्ज असल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे तिचे सर्वच आपल्याला लागू पडणार नाही. तरी तिची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आठव्या वचनात ती अलीशाला आग्रहाने जेवू घालते, आणि तो त्या वाटेने जाई तेव्हा तेव्हा तिच्याकडे थांबू लागतो. खोलीचा विचार दहाव्या वचनात येतो. म्हणजे पाहुणचार आधी सुरू झाला, बांधकाम नंतर. आपण नेमके उलटे करतो. ‘घर जरा नीट झाले की बोलावू’ असे म्हणता म्हणता आत्या थकते, मामा निघून जातो, आणि घर नीट होतच असते.

दुसरे, तिने पतीशी बोलून निर्णय घेतला. पाहुणचाराचा खर्च एकाच्या मनात व हप्त्याची चिंता दुसऱ्याच्या मनात, अशी वाटणी पुष्कळ घरांत झालेली आढळते. नवरा आपल्या भावांना मोकळेपणी बोलावतो, बायको किराण्याची चिठ्ठी लपवते, किंवा उलट. दोघांनी बसून वर्षाचा आकडा ठरवावा. नाताळचा फराळ, कपडे, पाहुण्यांचा येण्याजाण्याचा व जेवणाचा खर्च मिळून समजा २४,००० रुपये होत असतील, तर जानेवारीपासून दरमहा २,००० बाजूला पडावेत. डिसेंबरात क्रेडिट कार्डावर केलेल्या करंज्या ईस्टरपर्यंत फेडाव्या लागतात, आणि त्या कार्डाचे व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असते.

तिसरे, खोली लहान होती आणि तिच्यात चारच वस्तू होत्या: पलंग, मेज, बसायची चौकी, दिवा. पाहुण्याला आडवे व्हायला, लिहायला-वाचायला, बसायला आणि उजेडाला. यादी तेथे संपली. बेथानीतील मार्थेची धांदल लूकने दहाव्या अध्यायात सांगितली आहेच. प्रभूने तिचे प्रेम नाकारले नाही, तिच्या यादीची लांबी कमी केली. १ पेत्र ४:९ मध्ये कुरकुर न करता आतिथ्य करण्यास सांगितले आहे. आमच्या अनुभवास असे येते की, कुरकुर बहुधा पाहुण्यांमुळे उगवत नाही, न परवडणाऱ्या ताटामुळे उगवते. वरणभात, एक भाजी आणि लोणचे वाढणाऱ्या घरी पाहुणा पुन्हा येऊ शकतो. शिवाय ते ताट करणारे हात बहुधा एकाच बाईचे असतात, हेही घरच्या पुरुषांनी हिशेबात धरावे.

घराची सुधारणा सर्वस्वी गैर, असा याचा अर्थ नव्हे. अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा अशी आज्ञा आहे, कोणी पडून घरावर रक्तदोष येऊ नये म्हणून. शास्त्रातील ही घरदुरुस्तीची आज्ञा सुरक्षिततेची आहे. शूनेमच्या माडीलाही कठडा लागलाच असेल. आपल्या घरातील ‘कठडे’ कोणते? जुनी, तापणारी विजेची तार, म्हाताऱ्या माणसाला धरायला न्हाणीघरात नसलेला दांडा, घसरणारी फरशी, ओल येऊन गंजत चाललेली सळई. ही कामे कर्जाची वाट पाहत नाहीत, कारण आज १०,००० ला होणारी दुरुस्ती तीन पावसाळ्यांनंतर तेवढ्यात होत नाही. मात्र गळती कोठून येते ते आधी पाहावे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेने पाहावयाची असते. ज्याच्या डोक्यावर पाणी ठिबकते त्याने स्वतःच्या कर्जातून गच्चीचे काम करून घेण्याचे कारण नाही. अर्ज लिहावा, पोच घ्यावी.

तक्तपोशी ही वेगळी गोष्ट. हाग्गयाने पहिल्या अध्यायात तक्तपोशीच्या घरांचा उल्लेख केला तो कौतुकाने नव्हे. खोटे छत, भिंतभर कपाट, नवा ओटा यांसाठी एकच नियम पुरेसा आहे: पैसा साठवून, रोखीने, एका वर्षी एक काम. रंगाचा डबा आणून मुलांसोबत एक खोली रंगवली तर पाहुणे नावे ठेवणार नाहीत. ठेवलीच तर त्यांना ब्रश द्यावा.

नातलगांना खरे सांगणे हे सर्वांत कठीण. ‘आमचे कर्ज चालू आहे, यंदा मोठे जेवण नाही, पण तुम्ही या, मिळून करू’ हे वाक्य उच्चारताना जीभ अडते, कारण स्वतःचे घर म्हणजे पैसा असणार हा समज आपणच वाढू दिलेला असतो. हे वाक्य एकदा बोलून टाकलेल्या घरी दुसऱ्या वर्षी वहिनी चकल्या करून आणते आणि मेहुणा गॅसची टाकी भरून देतो. कोणी रुसलेच तर तो रुसवा परवडतो. उपचारासाठी महिनाभर आलेल्या आप्ताच्या बाबतीत तर भावंडांनी वाटणी उघडपणे ठरवावी. ज्याचे घर इस्पितळाजवळ आहे त्याच्यावरच सारा भार पडणे न्याय्य नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, टिळकांच्या उदार मनाचा हिशेब घरात कोणाला जुळवावा लागे.

व्याजदर, कर आणि कागद

थोडे व्यवहाराचे. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी फेडीचा दंड आकारण्यास बँकांना मनाई केली. तेव्हापासून जमेल तशी छोटी रक्कम मुद्दलात भरण्यास दंडाची भीती नाही; भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा पुष्कळांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. कित्येकांना ते वर्षभर कळलेच नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना दिल्या की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले. अशा वेळी हप्ता कमी करून घेऊन त्या फरकाचा सोफा घेण्यापेक्षा हप्ता जुनाच राहू द्यावा.

‘कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या’ असा सल्ला अजूनही ऐकू येतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत मिळाली तरी वाचतो तो व्याजाचा काही अंश, सारे व्याज नव्हे.

शूनेमच्या त्या स्त्रीची गोष्ट आठव्या अध्यायात पुन्हा येते. सात वर्षांच्या दुष्काळात ती पलिष्ट्यांच्या देशात राहिली. परत आली तेव्हा घर व शेत हातचे गेले होते. ती स्वतः राजापुढे गेली आणि दाद मागितली. राजाने एक कामदार नेमून तिचे घर, शेत आणि मधल्या वर्षांचे शेताचे उत्पन्नही परत देवविले. माडीवरच्या खोलीत दिवा लावणारी ही बाई आपल्या घराच्या हक्काबाबत मुळीच भोळी नव्हती.

शेवटचा हप्ता भरल्यावर आपणही तसेच दक्ष असावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत देणे व नोंदवलेला बोजा उतरवणे बँकांना बंधनकारक आहे. त्यांच्या दिरंगाईमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपून ठेवावी. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, भागपत्र असा एकेक कागद त्या यादीशी ताडून घ्यावा, कर्ज फिटल्याचा दाखला मागून घ्यावा, आणि गृहनिर्माण संस्थेच्या दफ्तरात बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर तो दाखला दाखवून ती नोंद खोडून घ्यावी. आपल्यासाठी राजा कामदार नेमीत नाही. यादी हाती घेऊन आपल्यालाच जावे लागते.